बाहेरची टेबलं

मिल बंद पडली तेव्हा ग्वाल्हेरातल्या बिर्लानगरच्या माणसांनी हाताला लागेल ते धरलं. कुणी रिक्षा ओढली, कुणी पानाची टपरी टाकली, कुणी नुसताच घरी बसून म्हातारा झाला. उमाजीराव भोइटे शटर-मिस्त्री झाले. मागावर काम केलेला माणूस, लोखंड कुठं अडतं ते त्यांना हाताला कळायचं. लष्कर बाजारातल्या दुकानांची शटरं त्यांनी तीस-एक वर्षं दुरुस्त केली. अडलेल्या शटरवर चार हातोडे घालून ते वर ढकलणारे मिस्त्री पुष्कळ होते. उमाजीराव सगळं शटर उतरवायचे, पट्ट्या पुसायचे, स्प्रिंग काढून बघायचे, ग्रीस भरायचे आणि मग चढवायचे. दुकानदार कुरकुरायचा की ग्राहक परत चाललेत. उमाजीराव म्हणायचे, घाई असेल तर दुसरा माणूस बोलवा. दुसरा कुणी बोलवत नसे.

मुलाला, उत्कर्षला, त्यांनी एकच गोष्ट शिकवली असं ते सांगायचे: काम हलकं नसतं, करणारा हलका असतो. हे ते इतक्यांदा बोलले होते की त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता. एक काम मात्र त्यांनी कधी कामात धरलंच नव्हतं, ते म्हणजे उष्टं काढणं. भोइट्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आले. घोडी गेली, जमिनी गेल्या, तलवारही कुणीतरी विकून खाल्ली. एवढं राहिलं, की भोइट्यांचा पुरुष पंगतीत वाढेल, आग्रह करकरून वाढेल, पण उष्ट्या पानाला हात लावणार नाही. ते बायकांनी करायचं, नाहीतर पैसे देऊन आणलेल्या माणसांनी. याचा विचार करावा असं उमाजीरावांना कधी वाटलं नाही.

उत्कर्षनं इथं हॉटेलचा कोर्स केला, पुढच्या शिक्षणाला आयर्लंडला गेला आणि तिथंच समुद्राकाठच्या एका गावात हॉटेलात लागला. फोनवर म्हणाला, "बाबा, डायनिंगमध्ये आहे." मराठी मंडळात गुरुप्रसाद ढवळ्यांनी विचारलं तेव्हा उमाजीरावांनी सांगितलं, "मॅनेजर आहे." गुरुप्रसाद म्हणजे वीज खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, दाना ओली गल्लीत राहणारे, मंडळाचे सचिव. त्यांना सांगितलं की सगळ्यांना सांगितल्यासारखंच. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाची फुलं पडली. उमाजीरावांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते खोटं बोलले, असं त्यांना त्या वेळी वाटलं नाही. पोरगा आज ना उद्या होईलच, आपण थोडं आधी सांगितलं, असं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात उत्कर्षनं आई-बाप दोघांना बोलावलं. सुमनताईंचे गुडघे विमानात बसण्याजोगे नव्हते. त्यांनी बेसनाचे लाडू आणि चिवडा बांधून नवऱ्याला एकट्याला धाडलं.

उत्कर्षनं बापासाठी समुद्राजवळच्या मैदानात एक कॅरव्हॅन भाड्यानं घेतली होती. चाकांवरचं घर, आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं बसवलेलं. उमाजीरावांनी पहिल्याच दिवशी तिचं अडकणारं दार उतरवून सरळ केलं. मग ते गाव बघायला निघाले.

फुकट बसलेला माणूस दिसला की त्यांना त्रास व्हायचा, आणि इथं तर सगळं गाव सुट्टीवर आलेलं. पण ही माणसं नुसती बसत नाहीत, असं त्यांच्या ध्यानात आलं. सकाळी म्हाताऱ्या बायका लोकरीच्या टोप्या घालून बर्फासारख्या पाण्यात उतरायच्या, गळ्यापर्यंत जायच्या, गप्पा मारायच्या आणि लाल होऊन बाहेर यायच्या. बाप लोक वाळूत गुडघे टेकून पोरांबरोबर किल्ले खणायचे, तेही तासन् तास, कंबर न ताणता. कड्यावरच्या वाटेनं पाऊस अंगावर घेत घरंच्या घरं चढायची, वर जाऊन सँडविच खायची आणि परत उतरायची. मजुरी नाही, मुकादम नाही, तरी अंग चोरत नाहीत. उमाजीरावांना हे लोक आवडले.

उत्कर्षच्या सुट्टीच्या संध्याकाळी तो त्यांना पबमध्ये घेऊन गेला. घड्याळात नऊ वाजलेले आणि बाहेर ऊन. उमाजीरावांना दारूच्या दुकानात पाऊल टाकायचं जिवावर आलं होतं, पण आत लहान पोरंसुद्धा होती, आजीच्या मांडीवर बसून चिप्स खात. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाच-सहा जण व्हायोलिन, बासरी घेऊन बसले होते. स्टेज नाही, माइक नाही. नवा कुणी आला की बाकीचे सरकून जागा द्यायचे. मध्येच एका बाईनं डोळे मिटून गायला सुरुवात केली आणि सगळा पब गप्प झाला, पेले भरणारासुद्धा थांबला. उमाजीरावांना शब्द कळला नाही, पण लिंबाचं सोडावॉटर हातात तसंच राहिलं. शेजारी उत्कर्ष पायानं ठेका धरत होता. "आपल्याकडे असं कुठं आहे, बाबा," तो म्हणाला. बाप-लेक इतके जवळ बसून बऱ्याच वर्षांत कशावर असे खूश झाले नव्हते.

दोन दिवसांनी उत्कर्षनं त्यांना हॉटेलात जेवायला बोलावलं. मालकीणबाईंना बाबांना भेटायचंय, म्हणाला. उमाजीराव इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी निघाले. हॉटेलच्या पुढं समुद्राकडे तोंड करून टेबलं मांडलेली होती. रस्त्याच्या पलीकडूनच त्यांना उत्कर्ष दिसला.

त्यानं काळा एप्रन बांधला होता. एक कुटुंब नुकतंच उठून गेलं होतं आणि तो त्यांचं टेबल आवरत होता. एका ताटातले माशाचे काटे दुसऱ्या ताटात ओढत होता, अर्धे खाल्लेले चिप्स, पोरानं चघळून टाकलेला पावाचा तुकडा, चुरगळलेले कागद. ताटांवर ताटं रचून त्यानं डाव्या हातावर तोलली, उजव्या हातानं पेले उचलले, मग परत येऊन टेबल पुसलं. कडा पुसल्या. खुर्चीवर सांडलेलंही पुसलं. कुठं भांडं वाजलं नाही, दुसरी खेप झाली नाही. परक्याचा पोरगा असता तर उमाजीराव उभं राहून बघत राहिले असते.

ते मागे वळले आणि कॅरव्हॅनवर येऊन पडून राहिले. उत्कर्षला सांगितलं, पोट बिघडलंय.

त्यानंतर त्यांचं पोट रोजच बिघडू लागलं. तिथलं जेवण पचत नाही म्हणायचे, आणि समुद्राच्या भिंतीवर बसून कागदातले चिप्स खायचे. एकदा सीगल पक्ष्यानं हातातला चिप्स उचलून नेला, ते बघून पलीकडची पोरं हसली. उत्कर्षनं आणखी दोनदा बोलावलं. मग बोलावलं नाही.

अशात गुरुप्रसादांचा फोन आला. ते मुलीकडे, प्रांजलीकडे, डब्लिनला आले होते. "उमाजीराव, तुम्ही इथं आणि आम्हांला पत्ता नाही, ये तो गलत बात है. रविवारी येतोय. प्रांजलीनं तुमच्या चिरंजीवांच्याच हॉटेलात टेबल घेतलंय." हॉटेलचा फोटो उमाजीरावांनीच ग्रुपवर टाकला होता, पहिल्याच दिवशी, कौतुकानं.

त्यांनी उत्कर्षला विचारलं, रविवारी रजा मिळेल का. जुलैतला रविवार, कशी मिळणार. मग उमाजीराव म्हणाले, तू कामात असशील, जुनी माणसं येतायत, उगाच तुझी ओढाताण नको. उत्कर्ष त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिला.

"मी बाहेरच्या टेबलांवर असतो," तो म्हणाला. "तुम्ही आत बसा."

रविवारी उमाजीराव सगळ्यांच्या आधी जाऊन आत, भिंतीजवळ बसले. गुरुप्रसाद आले ते स्वेटर, मफलर, टोपी घालून. म्हणाले, ग्वाल्हेरात या दिवसांत बनियन अंगावर ठेववत नाही आणि इथं माझी बायको असती तर तिनं मला रजई पांघरवूनच आणलं असतं. प्रांजलीनं वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "काका, समोर समुद्र असताना भिंतीकडे काय बघत बसायचं? चला बाहेर." उमाजीराव वारा आहे म्हणाले, थंडी बाधेल म्हणाले. तोवर बाप-लेक उठून चालू लागलेही.

बाहेर बसल्यावर गुरुप्रसादांनी विचारायचं ते विचारलं. चिरंजीव कुठं आहेत?

"मीटिंगला गेलाय," उमाजीराव म्हणाले. "दुसऱ्या गावी."

गुरुप्रसादांनी मान हलवली. मग भाज्यांचं सूप आलं, काळा पाव आणि लोणी आलं, उमाजीरावांना मासा आला. एका मुलीनं आणून ठेवलं. उमाजीरावांनी मान वर न करता खाल्लं. गुरुप्रसाद समुद्राबद्दल बोलत होते, डब्लिनच्या बसबद्दल बोलत होते, मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीबद्दल बोलत होते. जेवण संपलं. आवरायला जो आला तो उत्कर्ष होता.

त्यानं शेजारच्या टेबलावरून वळताना यांना पाहिलं. हातात आधीची ताटं होती. माघारी जाणं शक्य होतं, पण टेबल त्याचं होतं आणि तो काम टाकून जाणारा नव्हता. तो आला आणि टेबलाशी उभा राहिला. गुरुप्रसाद समुद्राकडे बघत होते. प्रांजली स्वतःच्या ताटाकडे बघत होती. सगळे थांबले होते. हा माझा मुलगा, एवढंच म्हणायचं होतं आणि म्हणायला पुष्कळ वेळ होता. उमाजीराव मिठाच्या बाटलीकडे बघत राहिले.

"झालं का, सर?" उत्कर्षनं इंग्रजीत विचारलं. "हे घेऊ?"

उमाजीरावांचा हात ताटाच्या कडेवर होता. तो त्यांनी उचलला. उत्कर्षनं काटे असलेलं ताट घेतलं, इतर ताटांखाली सरकवलं, टेबल पुसलं.

"थँक्यू, बेटा," गुरुप्रसाद म्हणाले.

त्या संध्याकाळी उत्कर्ष कॅरव्हॅनवर आला तेव्हा डब्यात सूप घेऊन आला. जेवलात का, विचारलं. उमाजीराव म्हणाले, आज गर्दी होती. उत्कर्ष म्हणाला, हो, रविवार. सूप गरम करून दिलं, बापानं प्यायल्यावर डबा धुतला. राहिलेले दिवस असेच गेले. विमानतळावर त्यानं पाया पडून निरोप घेतला आणि बॅगेचं कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

ग्वाल्हेरला आल्यावर सुमनताईंना सगळं हवं होतं. पोरगा काय खातो, कुठं झोपतो, वाळलाय का. उमाजीरावांनी समुद्र सांगितला, टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या सांगितल्या, पबमधलं गाणं सांगितलं. हॉटेलाबद्दल म्हणाले, मोठं आहे. उत्कर्षचे फोन सुमनताईंच्या मोबाइलवर येत. बाबा कसे आहेत विचारायचा, आणि "त्यांना देऊ का" म्हटलं की कामाला निघालोय म्हणायचा. दिवाळीला नक्की येणार होता, आता म्हणू लागला, सुट्टीचं बघतो. एकदा फोन ठेवून सुमनताई म्हणाल्या, "अहो, तिथं काय करून आलात तुम्ही?"

"काही नाही," उमाजीराव म्हणाले. ते खरंही होतं. त्यांनी काहीच केलं नव्हतं. पोरगा समोर उभा होता आणि यांनी काहीच केलं नव्हतं.

पोरगा येणार की नाही, हे आता त्या रविवारवर अडलं होतं. हे त्यांना कळत होतं आणि ते रोज टाळत होते. कुणाच्या अडलेल्या शटरशी त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

गणपती जवळ आले आणि मंडळातून निरोप आला, की कार्यक्रमात एक संध्याकाळ उमाजीरावांच्या आयर्लंडच्या सफरीला दिली आहे, फोटो घेऊन यावं. ते दुसऱ्या दिवशी शेअर टेंपोनं बाड्याच्या चौकात उतरले आणि चालत दाना ओलीत गेले. गुरुप्रसाद वर्गणीच्या पावत्या फाडत बसले होते. उमाजीरावांनी सांगितलं, मला बोलायला जमणार नाही. गुरुप्रसादांनी विचारलं, का बुवा? उमाजीरावांनी आधी तब्येत सांगितली, मग सवय नाही सांगितलं.

"माझा मुलगा मॅनेजर नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी ताटं उचलायला आला होता तो माझा मुलगा."

गुरुप्रसादांनी पावत्या बाजूला ठेवल्या. "माहीत आहे."

उमाजीराव समोरच्या खुर्चीत बसले.

"प्रांजलीनं पाहताक्षणी ओळखलं. लहानपणी मंडळाच्या गणपतीत चार वर्षं दोघं नाटकात एकत्र होती. तुम्ही कधी आला नाहीत बघायला, तुमचं काम असायचं. आणि अहो, मला तरी ओळखू येणार नाही का? तुमचाच तोंडावळा आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"मुलगा तुमचा. ओळख तुम्ही करून द्यायची. आम्ही वाट बघत होतो." गुरुप्रसादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "परतताना प्रांजली गाडीत माझ्यावर चिडली. म्हणाली, काकांचं जाऊ दे, पण बाबा, तुम्हाला त्याला नावानं हाक मारता आली नाही? खरंय तिचं. बेटा म्हणालो. बेटा तर मी रिक्षावाल्यालाही म्हणतो."

त्या रविवारपासून उमाजीराव ज्यांच्यापासून लपवत होते त्यांना सगळं ठाऊक होतं. ज्यांच्यासाठी लपवलं त्यांनीच त्यांची अब्रू सांभाळली होती. त्या टेबलावर फसलेलं कुणीच नव्हतं. पोरगा तेवढा दुखावला होता, तोही फुकट.

ते चहा न घेता उठले. बाड्याच्या बागेच्या कठड्यावर बसून त्यांनी उत्कर्षला फोन लावला. इथं दुपार होती, तिथं त्याची शिफ्ट सुरू व्हायची होती. पहिल्याच घंटीला त्यानं उचलला.

"बाबा? आई ठीक आहे ना?"

बापाचा फोन आला म्हणजे आईला काहीतरी झालं असणार, असं त्याला वाटलं होतं. उमाजीरावांना तेही लागलं. म्हणाले, आई ठीक आहे. मग म्हणाले, "त्या रविवारी तू टेबलाशी आलास, मी ओळख दिली नाही."

"अरे बाबा, छोडो ना. गर्दी होती. मलाही वेळ नव्हता."

"गर्दी नव्हती. वेळ होता. तुला काय वाटलं ते सांग."

पलीकडे खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"वाईट वाटलं," उत्कर्ष म्हणाला. "पण तुम्ही गप्प बसलात त्याचं एवढं नाही. मी सर म्हणालो ना, त्याला मला विचारच करावा लागला नाही. आपोआप आलं तोंडात. म्हणजे मला आधीपासून माहीत होतं, बाबा." तो पुढं म्हणाला, "मी सातवीत होतो. मंडळाच्या पंगतीनंतर पोरं पत्रावळी उचलत होती, मीपण उचलायला लागलो. तुम्ही हात धरून मला बाहेर काढलंत. म्हणालात, भोइट्यांची पोरं उष्टं काढत नाहीत. आणि खरं सांगू, मला तेव्हा खूप छान वाटलं होतं. वाटलं, आपण कुणीतरी आहोत."

उमाजीरावांना हे आठवत नव्हतं. कुठली पंगत, कुठलं वर्ष, काही नाही. पण झालं असणार यात त्यांना शंका वाटली नाही. ते वाक्य त्यांचंच होतं.

"तू काम चांगलं करतोस," ते म्हणाले. "मी पाहिलंय. रस्त्यापलीकडून."

"ते माहीत आहे मला. मीपण पाहिलं होतं तुम्हाला. इस्त्रीचा सदरा होता."

टेंपोवाला "हजीरा, बिर्लानगर" ओरडत समोरून गेला.

"दिवाळीला येतोस?" उमाजीरावांनी विचारलं.

"येईन. आईला सांगा." मग तो म्हणाला, "मला मंडळात मात्र नेऊ नका, बाबा. प्लीज."

"मी आधी एकटा जाऊन येतो."

उत्कर्षनं कशाला, ते विचारलं नाही. लोक यायला लागलेत म्हणाला आणि फोन ठेवला.

उमाजीराव उठले. बिर्लानगरचा टेंपो भरत होता, तो त्यांनी जाऊ दिला आणि ते पुन्हा दाना ओलीकडे चालू लागले. गुरुप्रसादांना सांगायचं होतं, की ती संध्याकाळ ठेवा, मी बोलेन, फोटो नाहीत. समोर सगळं मंडळ बसलेलं असणार, ज्यांनी फुलं पाठवली ते सगळे. पहिलं वाक्य कुठलं असेल ते त्यांना ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. रस्त्यात ओळखीच्या एका दुकानदारानं राम राम केला, विचारलं, मिस्त्री, मुलगा कसा आहे? उमाजीरावांचे कान तापले. ते थांबले आणि सांगू लागले.